पाटी नसलेलं यंत्र

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये, ऐन मे महिन्यात
भंगाराच्या लॉटमधून आल्या तेरा जळक्या मोटारी
आणि एक कपाट.
कपाटच समजलो मी. माणसाएवढं उंच, काचेचं दार.
इराप्पा म्हणाला, फ्रिज असेल बे, मोठ्या साहेबाचा.

जिथं नाव असायचं तिथं चार भोकं
आणि न विटलेला निळा चौकोन.
पितळेची असणार पाटी. कुणीतरी किलोवर घातली.

मी मोटारी रिवाइंड करतो.
वेढे मोजले की सांगतो कुठल्या कंपनीची, किती पाण्यात बुडालेली.
म्हणून मोटारींपासूनच सुरुवात केली.
पाच निघाल्या. चार फिरवणाऱ्या.
पाचवी नुसती हवा ओढणारी.
कपाटाला श्वास कशाला लागतो,
हे मला चार दिवस कळलं नाही.

पाचव्या दिवशी येमूलबाई आल्या,
त्यांच्या पिठाच्या गिरणीची मोटार न्यायला.
दारातून ते दिसलं
आणि त्यांनी चप्पल काढली.
माझ्या शेडमध्ये! तेलकट फरशीवर!
"ह्याला इथं कुणी आणलं?"

पदरानं काच पुसली. मग मला म्हणाल्या,
भिंग आण, त्या डोक्यावरच्या रेघा मोज.
नऊ, मी म्हणालो.
"आठ बोलायच्या. नववी खरं-खोटं बघायची."

सूतगिरणीचं हिशेबखातं, रात्रपाळी, एकोणीसशे एकोणऐंशी.
खोलीत एसी होता, म्हणून मे महिन्यात
सगळ्यांना तिथं काहीतरी काम निघायचं.
एवढंच बोलल्या. बाकी केबलींकडे बघत राहिल्या.

केबली दोन, मनगटाएवढ्या जाड,
गोणपाटात गुंडाळलेल्या, मी तांब्यासाठी कापणार होतो.
प्रत्येकीचं एक तोंड काळं, एक करडं.
"काळ्याला करडा लाव.
काळ्याला काळा लावशील तर बसायचाच नाही.
आणि शेवटच्या तोंडाला बूच,
नाहीतर आपलंच बोललेलं आपल्याकडे परत येतं."

बूच नव्हतं. पॉलिटेक्निकच्या मुबीननं रेझिस्टर जोडून केलं.
त्यानंच एक बोर्ड बनवला, विड्याच्या पानाएवढा,
पलीकडे लॅपटॉप.
पंपाचा पट्टा कुजलेला,
अशोक चौकातून मागाचा आणला, चार बोटं कापून शिवला.
थ्री फेज माझी.

टेप बाईंच्या घरी होती. एकच.
तिच्या गोल डब्यात चाळीस वर्षं
हळदीकुंकवाचं सामान राहिलेलं.
टेप लोखंडी पेटीत, वेगळी, धोतराच्या तुकड्यात.

पंप सुरू झाला तेव्हा शेडमधले चहाचे कप थरथरले.
टेप काचेमागच्या त्या दोन खोल कप्प्यांत उतरली,
दोन्हीकडे एकेक फास,
खाली जायचा, वर यायचा, कशालाच न टेकता.
श्वास ह्यासाठी.

पडद्यावर आकडे आले.
नावं नाहीत, टोकन नंबर.
२२०६. हजेरी सव्वीस. कॅन्टीन साडेतीन रुपये.
२२०७. हजेरी अकरा.
२२०८ ला नववी रेघ म्हणाली, खोटं.
मग सगळंच खोटं.
डोक्यावर तपकिरी भुकटी जमलेली, तपकिरीसारखीच.

मुबीन नाचत होता, अकरा ब्लॉक, सर, अकरा!
मी विचारलं, बाई, २२०७ कोण?
"मला काय माहीत. आम्हाला फक्त नंबर यायचे."
थोडं थांबून:
"अकराच दिवस. आजारी असेल."

बंद करायला मी स्विचकडे वळलो.
"अहो, अशी अर्धी ठेवतात का?
रिवाइंड करा. सकाळपाळीला त्रास."

माझ्या पाटीवर हाच शब्द आहे,
लाल रंगात, तीस वर्षं.
बटण कुठलं ते मला सापडेना.
त्यांनी माझा हात बाजूला केला, न बघता दाबलं.

चकत्या उलट्या फिरल्या, आधी हळू, मग इतक्या जोरात
की इराप्पा मागे सरकला.
भुकटी उडाली, उन्हाच्या पट्ट्यात दिसली.

मग येमूलबाईंनी चप्पल घातली
आणि गिरणीच्या मोटारीचे किती झाले ते विचारलं.